पान अकरावरची कोंबडी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

संहिता पोचली. दोनदा वाचली. एकदा रात्री, तेव्हा पान पाचला उठून मागच्या दाराची कडी तपासून आले, ते तुझं कौतुक समज. मग सकाळी चहा घेऊन, लाल पेन हातात धरून. बावीस मिनिटांचा भयपट, सासवडजवळचा पडका वाडा, तीन पात्रं, आणि समासात तुझ्या बारीक अक्षरात अकरा टिपा: इथं हिचकॉक, इथं पोलान्स्की, इथं आर्जेंतोचा लाल, इथं देओदातो. लग्नपत्रिकेच्या तळाशी कुणी रुसू नये म्हणून सगळ्या भावकीची नावं छापतात ना, तशी ती यादी दिसते. पत्रात तू लिहिलंयस, 'वादग्रस्त दिग्दर्शकांना ट्रिब्यूट द्यायचाय, हल्ली जगभर सगळे तेच करतात.' करतात खरं. पण कसं करतात त्यात फार फरक आहे, आणि तेवढ्यासाठी हे लांबलचक पत्र लिहायला बसले. फोनवर बोलले असते तर रागावले असते.

दोन जागा मला टोचल्या. पान सात: 'नायिकेला आधी काही सांगायचं नाही, खरी भीती हवी.' आणि पान अकरा: 'कोंबडी खरी. एकच टेक.' खाली तुझी सारवासारव, की नंतर युनिट ती खाणारच आहे.

कोंबडीपासून सुरुवात करते.

'नंतर खाल्लीच जाणार' हा युक्तिवाद तुझा नाही. इटालियन दिग्दर्शक रुग्गेरो देओदातोही तेच सांगायचा. त्याच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'ची (१९८०) गोष्ट तुला पाठ आहे: चार जणांचं चित्रपथक ॲमेझॉनच्या जंगलात जातं, परतत नाही, मागाहून त्यांची रिळं सापडतात. न्यूयॉर्कमध्ये बसून ती रिळं बघणाऱ्यांना हळूहळू कळतं की अत्याचार कॅमेरा हातात असलेल्यांनीच केले. देओदातोनं नटांकडून लिहून घेतलं होतं, वर्षभर कुठं तोंड दाखवायचं नाही, म्हणजे लोकांना वाटेल की ते खरंच मेले. लोकांना वाटलंच. मिलानमध्ये चित्रपट लागला आणि थोड्याच दिवसांत जप्त झाला. आधी अश्लीलतेचा खटला, मग थेट नटांच्या खुनाचा संशय. शेवटी नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं, आणि सुळावर चढवलेल्या बाईचा तो कुप्रसिद्ध शॉट कसा घेतला हेही समजावून सांगावं लागलं. लोखंडी खांबाला सायकलची सीट बसवलेली. बाई त्या सीटवर बसलेली, मान वर करून, तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचा टोकदार तुकडा धरून. बस.

आता नीट बघ. ज्या शॉटनं न्यायाधीश हादरले, तो सायकलच्या सीटवर उभा होता. आणि ज्यात काहीच खोटं नव्हतं ते प्राण्यांचे शॉट: कासव, डुक्कर, माकड. माकडाचा शॉट दोनदा घेतला, म्हणजे माकडं दोन. एवढं करून भीतीत भर किती पडली? मी हा चित्रपट संकलकाच्या नजरेनं तीनदा पाहिलाय (तिसऱ्यांदा पाहायला नको होता) आणि माझं उत्तर आहे, शून्य. किळस येते, राग येतो, भीती येत नाही. भीती येते ती रिळावरच्या ओरखड्यांनी, मध्येच बंद पडणाऱ्या आवाजानं, जमिनीवर पडून तिरकं बघत राहिलेल्या कॅमेऱ्यानं, आणि या सगळ्यावर संगीतकार रिझ ऑर्तोलानीनं घातलेल्या अंगाईसारख्या गोड सुरावटीनं. प्राणी मारल्याचा पस्तावा पुढं देओदातोनंही बोलून दाखवला.

मग त्याच्या वारसदारांनी काय उचललं? 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'नं (१९९९) ओरखडे आणि पडलेला कॅमेरा उचलला. प्रेत एकही न दाखवता जग घाबरवलं. पण 'नट बेपत्ता' ही जाहिरातबाजीही उचलली. नटांची खरी नावं पात्रांना दिली होती. चित्रपटातल्या मुलीच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली. आणि २०२४ साली त्याच तिघा नटांना आपल्या मेहनतीच्या पैशांसाठी जाहीर पत्र काढावं लागलं. म्हणजे वारशात दागिन्यांबरोबर कर्जही आलं. अमेरिकी दिग्दर्शक ईलाय रॉथचं वेगळं. त्यानं 'हॉस्टेल'च्या दुसऱ्या भागात (२००७) देओदातोला स्वतःला नरभक्षकाची छोटी भूमिका दिली, आणि पुढं 'द ग्रीन इन्फर्नो' काढला. हे नाव देओदातोच्या चित्रपटात सापडलेल्या रिळांना दिलेलं नाव. प्रेम खरं आहे, त्यात शंका नाही. पण देओदातोचा प्रश्न होता: रानटी कोण, ते की कॅमेरावाले? तो वाटेत कुठंतरी सांडला आणि आतडी तेवढी उरली. ॲमेझॉनमधल्या आदिवासींच्या बाजूनं काम करणाऱ्यांनी टीका केली, ती मला पटली. इतरांचं मत वेगळं असेल.

तुझ्या कोंबडीला कायद्याचंही कवच आहे, बरं का. चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि त्यांच्या ना-हरकत पत्राशिवाय सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळत नाही. पण नुसत्या कायद्याच्या धाकानं कोंबडी वाचली तर मला त्यात समाधान नाही. तुझ्या दृश्यात भीती कुठं आहे? म्हातारीच्या हातात सुरी आहे आणि नातीला ती कशासाठी आहे हे ठाऊक नाही, तिथं आहे. पंखांची फडफड दाराआड ऐकू येऊ दे, आणि मग थांबू दे. आपण नातीच्या तोंडाकडे बघू.

आता पान सात. इथं मला तुझ्याशी जरा कडक बोलायचंय, आणि त्यासाठी आधी माझी एक गोष्ट सांगावी लागेल.

फार वर्षांपूर्वी, स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर, हातानं फिल्म कापायचो त्या काळात, एका चित्रपटात सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिचं रडणं हवं होतं. रशेस, म्हणजे चित्रीकरणाची कच्ची रिळं, आल्या. शॉट असा की अंगावर काटा यावा: ओठ थरथरतायत, डोळे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला काहीतरी शोधतायत. मी आवाजाची पट्टी जुळवायला घेतली आणि शॉटच्या सुरुवातीला दिग्दर्शकाचा आवाज ऐकला. तो तिला शांतपणे सांगत होता, 'तुझी आई तुला इथं टाकून गेली. आता ती येणार नाही.' मी काय केलं असेल? त्याचा आवाज संपतो त्या फ्रेमवर कात्री लावली, पुढचा चेहरा ठेवला, आणि मागचा तुकडा टोपलीत टाकला. चित्रपट लागल्यावर त्या शॉटचं फार कौतुक झालं. मलाही शाबासकी मिळाली. मी ती घेतली. टोपलीतला तुकडा मला अजून ऐकू येतो.

नंतर कधीतरी मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' (१९६०) पाहिला आणि खुर्चीत आक्रसून बसले. त्यातला मार्क स्टुडिओत फोकस पुलर आहे, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा. तो बायकांना मारताना त्यांचं चित्रण करतो. कॅमेऱ्याच्या तिवईच्या एका पायात पातं लपवलेलं आणि वर आरसा लावलेला, म्हणजे मरताना तिनं स्वतःचीच भीती बघावी. का, तर लहानपणी त्याच्या शास्त्रज्ञ बापानं भीतीचा अभ्यास म्हणून त्याला झोपेतून उठवून, घाबरवून, त्याची रिळंच्या रिळं घेतलेली. त्या रिळांत बापाचं काम स्वतः पॉवेलनं केलंय, आणि लहान मार्क म्हणजे पॉवेलचा खरा मुलगा. ज्या माणसानं बॅलेवरचा 'द रेड शूज' काढला तो इथं म्हणतोय की हे आम्ही दिग्दर्शक करतो, मी करतो, आणि तुम्ही तिकीट काढून बघता. इंग्रज समीक्षक खवळले. एकानं लिहिलं, हा चित्रपट फावड्यानं उचलून जवळच्या गटारात टाकावा. वितरकानं घाईनं मागं घेतला आणि पॉवेलची इंग्लंडमधली कारकीर्द जवळजवळ तिथंच संपली. त्याच वर्षी थोड्या महिन्यांनी 'सायको' आला आणि हिचकॉक मालामाल झाला. नशीब म्हणायचं, दुसरं काय. १९७९ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीच्या खटपटीनं 'पीपिंग टॉम' न्यूयॉर्कच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला आणि लोकांचे डोळे उघडले. स्कोर्सेसीची संकलक थेल्मा स्कूनमेकर हिनं पुढं पॉवेलशी लग्न केलं, आणि तो गेल्यावर त्याचे चित्रपट नीट जपले जावेत म्हणून ती अजून झटते आहे. जगातला सर्वांत सुंदर ट्रिब्यूट कुठला असं मला कुणी विचारलं तर मी तिचंच नाव घेते. आम्हा संकलकांचा पक्षपात म्हण हवं तर.

'वादग्रस्त' हा शब्द तू एकाच खुंटीला टांगलायस म्हणून हे सांगते. पॉवेल वादग्रस्त झाला कारण त्यानं पडद्यावर असं काही दाखवलं जे लोकांना बघवलं नाही. दुसरे वादग्रस्त आहेत ते पडद्यामागं केलेल्या कृत्यांमुळं. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'च्या (१९६३) वेळी नायिका टिपी हेड्रनला सांगितलं होतं की माळ्यावरच्या खोलीत यांत्रिक पक्षी असतील. चित्रीकरणाच्या सकाळी कळलं, खरे आहेत. पाच दिवस तिच्या अंगावर पक्षी फेकत होते. शेवटी ती कोसळली आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. हिचकॉकनं आपला लैंगिक छळ केल्याचंही तिनं पुढं आत्मचरित्रात लिहिलं. म्हणजे तुझं पान सात साठ वर्षांपूर्वीच झालेलं आहे, आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही माहीत आहे. बरं, त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. ते अंगावर येणारे पंखांचे, चोचींचे आवाज बऱ्याच अंशी ओस्कर साला नावाच्या जर्मन वादकानं ट्राउटोनियम या विजेच्या वाद्यावर वाजवलेले आहेत. डोळे मिटून ऐकून बघ एकदा.

'सायको'तलं न्हाणीघराचं दृश्यही तसंच. आठवडाभर चित्रीकरण, सत्तरहून जास्त कॅमेरा-मांडण्या, पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट. रक्त म्हणजे चॉकलेटचं सरबत, सुरीचा आवाज म्हणजे खरबुजात खुपसलेली सुरी. त्यातली नटी जॅनेट ली मेल्यानंतर किंचित श्वास घेते, हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं हिचकॉकच्या बायकोनं, आल्मानं, पकडलं असं सांगतात. तुझ्या अकरा टिपांत आल्माचं नाव नाही, खरबुजाचंही नाही. नुसतं 'हिचकॉक अँगल'. अँगल उचलून काय होतं ते गस व्हॅन सँटनं १९९८ मध्ये 'सायको' जवळपास शॉटला शॉट लावून पुन्हा काढला तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं. कॅमेरा त्याच जागी आणि भीती गायब.

आर्जेंतोच्या लाल रंगाबद्दल तू दीड पान लिहिलंयस, म्हणून थोडं. 'सस्पिरिया'चा (१९७७) लाल हा रंगभरणीच्या सॉफ्टवेअरमधला नाही. छायाचित्रकार लुचानो तोव्होलीनं दिव्यांपुढं रंगीत मखमल आणि कापडं ताणली, आणि प्रिंट काढल्या त्या टेक्निकलरच्या जुन्या रंग-छपाई पद्धतीनं, जी तेव्हाच मोडीत निघाली होती. कथा आर्जेंतोबरोबर दारिया निकोलोदीनं लिहिली, तिच्या आजीच्या आठवणींतून. आर्जेंतोवर आक्षेप जुना आहे: बायकांचे खून इतक्या नटवून का दाखवतो? कुरूप बाईपेक्षा सुंदर बाईचा खून बघायला आवडेल असं तो बोललाही होता. त्याच्या चित्रपटांत खुन्याचे काळ्या हातमोज्यांतले हात बहुतेक वेळा त्याचे स्वतःचेच. लुका ग्वादानिनोनं २०१८ मध्ये 'सस्पिरिया' नव्यानं काढताना काय केलं? सगळा लाल काढूनच टाकला. करडं, ओलं, दुभंगलेलं बर्लिन, वर्ष तेच १९७७. रंग शेवटासाठी राखून ठेवला. आर्जेंतोला ते मुळीच आवडलं नाही, मूळ भावनेशी प्रतारणा झाली म्हणाला. मला विचारशील तर चित्रपट अर्धा तास लांब आहे, पण ही हिंमत मला आवडली. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याचा सर्वांत प्रसिद्ध दागिना बाजूला ठेवायचा आणि मग बघायचं, काय उरतं.

तुला मी गृहपाठ म्हणून दोन चित्रपट देते. पीटर स्ट्रिकलंडचा 'बर्बेरियन साउंड स्टुडिओ' (२०१२) आणि प्रानो बेली-बाँडचा 'सेन्सर' (२०२१).

पहिल्यात एक बुजरा इंग्रज साउंड इंजिनियर सत्तरच्या दशकातल्या इटलीत एका भयपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी येतो. तो भयपट आपल्याला दिसतच नाही, फक्त त्याची श्रेयनामावली दिसते. बाकी सगळं आवाजात. कोबीवर सुरी, कलिंगडावर घाव, मुळ्याचा पाला मुळापासून उपटला की बाईचे केस उपटल्याचा आवाज. आणि काचेपलीकडच्या खोलीत किंचाळ्यांचं डबिंग करणाऱ्या नट्या, ज्यांना तो दिग्दर्शक आणि निर्माता कसं वागवतात ते हळूहळू उघडं होतं. मला तर ते बघताना आमच्या डबिंगच्या खोलीतला गालिच्याचा कुबट वास आला. इटालियन भयपटांवरचं इतकं निस्सीम प्रेम दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मी पाहिलं नाही, आणि इतकं कठोर ऑडिटही नाही. दोन्ही एकाच शॉटमध्ये.

'सेन्सर' ब्रिटनमधला, १९८५च्या सुमाराचा. तेव्हा तिथं व्हिडिओ कॅसेटवरच्या भयपटांवरून मोठं काहूर उठलेलं. सरकारी वकिलांच्या यादीत वेळोवेळी मिळून ७२ चित्रपट आले, देओदातोचाही त्यात होता. १९८४ मध्ये कायदा झाला. नायिका सेन्सॉर बोर्डात बसून दिवसभर डोळे फोडणं, शिरच्छेद वगैरे बघते आणि वहीत लिहिते, इतके सेकंद कापा. ती माझी सहोदर आहे, म्हणून मला भावली असेल. पुढं एका चित्रपटात तिला आपली हरवलेली बहीण दिसल्यासारखं वाटतं आणि पडदाच हळूहळू आक्रसत कॅसेटच्या आकाराचा होतो. या दिग्दर्शिकेनं जुन्या चित्रपटांचा दाणेदार रंग घेतला, निऑन घेतला, सगळं घेतलं. पण शॉटची नक्कल करून थांबली नाही. ती रिळं कुणी बघितली, कुणी कापली, कापता कापता त्याचं काय झालं, तिकडे वळली.

(टाय वेस्टचा 'एक्स' तुला फार आवडतो हे माहीत आहे. मलाही आवडतो. टेक्सासचं ते ऊन त्यानं न्यूझीलंडमध्ये उभं केलं, ही कारागिरी. त्यावर भेटल्यावर बोलू.)

आता तुझ्या टिपांतली एक मला ठेवायची आहे, आणि नेमकी तीच सर्वांत अवघड आहे. पान चार. मधल्या घरात काकू फोनवर बोलतायत आणि दाराच्या चौकटीतून त्यांची अर्धी पाठ तेवढी दिसते. हे पोलान्स्कीच्या 'रोझमेरीज बेबी'तून (१९६८) आलंय, तू लिहिलंयसच. छायाचित्रकार विल्यम फ्रेकर तो किस्सा सांगायचा: त्यानं कॅमेरा असा लावला होता की फोनवर बोलणारी रुथ गॉर्डन पूर्ण दिसावी. पोलान्स्कीनं तो सरकवून तिचा चेहरा चौकटीआड घालवला. फ्रेकरला कळेना, असं का. चित्रपटगृहात कळलं, तो शॉट आला आणि अख्खं प्रेक्षागृह मान वाकडी करून दाराआड डोकवायला लागलं.

म्हणजे ही युक्ती फ्रेकरची नव्हे, पोलान्स्कीचीच. याच माणसानं १९७७ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीशी केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली आणि शिक्षा सुनावली जाण्याआधी १९७८ मध्ये अमेरिकेतून पळाला. इथं तुला सोपं उत्तर देता येत नाही, कारण मला ते सापडलेलं नाही. तो चित्रपट मी अजून लावते, आणि सुरुवातीला त्याचं नाव आलं की अवघडून बसते. पण शिकणं आणि हार घालणं या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवायला शिकले. चौकट ठेव. तुझ्या वाड्यात ती वेगळीच होईल, कारण आपल्याकडे मधल्या घरात कोण काय बोलतंय ते ऐकू येतं पण दिसत नाही, हे प्रत्येक नातवंडानं अनुभवलेलं आहे. शेवटी 'पोलान्स्की यांना सादर अर्पण' अशी पाटी मात्र नको. काकूंचं काम करणाऱ्या बाईंना त्यांची पाठ एवढी महत्त्वाची का आहे ते आधी समजावून सांग. त्या ती पाठ अशी करतील की तू बघत राहशील.

आणि पान सातच्या मुलीलाही सांग. सगळं सांग: दार कधी उघडणार, मागं कोण उभं असणार, कितव्या पावलाला. तालीम कर. मग दहा टेक घे. खऱ्या दचकण्याचा शॉट एकदाच मिळतो आणि त्यात फोकस हुकलेला असतो, हे मी अनुभवानं सांगते. दुसऱ्या टेकला ती मुलगी तुझ्याकडे बघायला लागते, दाराकडे नाही.

उरलेल्या टिपांवर मी लाल रेघ मारलेली नाही. तूच मार. सहा तरी जातील असा माझा अंदाज आहे. पान अकरा नव्यानं लिहून पुढच्या रविवारपर्यंत पाठव. ध्वनीच्या दिवशी मी येते. कोबी, मुळे आणि एक कलिंगड मंडईतून मी घेऊन येईन, सुरी तू आण. जरा बोथट असलेली बरी, आवाज मोठा येतो.

तुझी,
ताई